ढेकणाला घर लागतं

ढेकूण रजिस्टरावर आला तेव्हा जयवंताच्या कानात इंदापूर होतं. तिचा धाकटा भाऊ गेणू कळसाहून इंदापुरात येऊन, पोस्टातला फोन दोन्ही हातांनी धरून ओरडत होता, आणि बारामतीच्या टेलिफोन ऑफिसात बसून, दहा वर्षं ट्रंक कॉल जोडून जोडून गुळगुळीत झालेल्या आवाजात ती त्याला ‘हं, ऐकतेय’ म्हणत होती. तेवढ्यात तो तिच्या स्वेटरच्या बाहीतून बाहेर पडला. चांगला तांबडा, फुगलेला, पोटभर जेवून शतपावलीला निघालेला. गाव, नंबर, वेळ असे एकेक रकाने ओलांडत तो सावकाश शेजारच्या देशमानेबाईंच्या बाजूला गेला. देशमानेबाई वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत थोरल्या; आठ तासांच्या ड्यूटीतही त्यांच्या पातळाची इस्त्री मोडत नसे. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग जयवंताकडे पाहिलं. मग चहाची रिकामी बशी उचलून त्याच्यावर पालथी घातली आणि ‘पुणे, बोला’ म्हणत पुढच्या कॉलकडे वळल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कानात गेणू म्हणत होता, “आयचा उजवा डोळा पार गेल्यागत झालाय. काल चुलीतला निखारा धरला तिनं, लाकूड समजून. डाक्टर म्हनत्यात, ऑपरेशन करू, पर मागनं म्हैनाभर बारामतीतच ऱ्हायला पायजे. आता तूच सांग.”

तिनं याआधी दोनदा सांगितलं होतं. दिवाळीत सांगितलं, घराला रंग चाललाय. संक्रांतीला सांगितलं, ह्यांच्या घरचे पाहुणे आलेत, जागा नाही. दोन्ही वेळा गेणू ‘बरं’ म्हणाला होता आणि ते ‘बरं’ तिच्या कानात दिवसभर किरकिरत राहिलं होतं. आता तिसरी थाप जिभेवर तयार होती. ती तोंड उघडणार, तेवढ्यात गेणूच म्हणाला, “आय म्हनती, राहू दे. लेकीला नोकरी हाय, संसार हाय, तिला कशाला वझं? दिसतंय तेवढं बास हाय, म्हनती.” बशीखाली तो काय करत असेल, असा एक खुळा विचार जयवंताच्या मनात आला. कडेकडेनं फिरत असेल. वाट शोधत असेल. आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं, “घेऊन ये. रविवारी घेऊन ये.” लाइन कट झाल्यावर तिनं कॉर्ड काढली. आज बुधवार होता.

ऑफिसातून घरी जाताना भिगवण चौक ओलांडेपर्यंत तिला आपल्या अंगावर सगळीकडे पावलं चालताहेत असं वाटत राहिलं. खरं तर हे आता रोजचंच झालं होतं. कोणी जवळ बसलं की ती आधी आपल्या पदराकडे पाही. लग्नकार्यात सतरंजीवर बसायची तिची छाती होत नसे. कुणी ‘येतो एकदा तुमच्याकडे’ म्हटलं की ती इतक्या घाईनं विषय बदले की माणसाला वाटावं, बाई शिष्ट आहे. दुसरीत शिकणाऱ्या लेकीच्या, श्रेयाच्या हातावर एका ओळीत तीन-तीन गांधी उठत, आणि शाळेत बाईंनी विचारलं तर ‘डास चावले’ म्हणायचं, हे जयवंतानं तिला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. पोरीला खोटं बोलायला शिकवताना तिला स्वतःचा राग आला होता. पण राग येऊन काय होतं? ढेकूण रागानं मरत नाहीत.

हे सगळं दिवाणापासून सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी कुणी एक साहेब बदली होऊन निघाले, त्यांचा सागवानी दिवाण विकायला निघाला, आणि जयवंतानं नवऱ्याच्या मागं लागून तो आणवला. महिपती माळेगावच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होता. जमिनीवर पाठ टेकली की घोरणारा माणूस. त्याला दिवाण काय नि चटई काय. पण जयवंताला तो हवा होता. तिचं बाळपण मेंढरांमागं गेलं होतं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे माणसं, मेंढरं, कुत्री, कोंबड्या असा सगळा तळ, घोड्यावर लादून कोकणाच्या वाटेला लागायचा, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. उघड्या रानात घोंगडी टाकली की तेच घर. मामाच्या गावी राहून ती शिकली, नोकरीला लागली, वडील गेले, गेणूनं मेंढरं मोडून कालव्याच्या पाण्यावर ऊस लावला. पण दारातून आत आल्याबरोबर दिसेल असा एक दिवाण आपल्या घरात असावा, त्यावर चौकटीची चादर असावी आणि आलेल्या माणसाला ‘बसा ना वर’ म्हणता यावं, ही इच्छा तिच्या मनात कुठल्याशा घाटात, दगडावर डोकं ठेवून झोपताना कधीतरी रुजली असणार. दिवाण आला, चादर आली. महिन्याभरानं ते आले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तीस वर्षांत आपण ढेकूण पाहिलाच नव्हता. गोचीड पाहिला होता, पिसवा पाहिल्या होत्या, पण ढेकूण नाही. ढेकणाला घर लागतं. भिंत लागते, फट लागते, रोज रात्री त्याच जागी येऊन निजणारं माणूस लागतं. घर मिळालं आणि घराबरोबर हेही मिळालं, असं तिला वाटे, आणि कुणीतरी आपल्याला हसतंय असंही वाटे.

उपाय काय थोडे केले? रॉकेल ओतलं, उन्हात टाकलं, वेखंडाची पूड भरली, कुणी सांगितलं म्हणून निरगुडीचा पाला गादीखाली पसरला. आणि गेल्या मे महिन्यात तिनं स्वतःच्या डोक्यानं एक उपाय काढला. मेंढरांना गोचीड फार झाले की तिचे वडील औषध-बिवषध बघत नसत. ‘वाडा हलवा’ म्हणत. तळ उचलून चार कोस पुढं गेलं की मागच्या जागेत राहिलेले गोचीड उपाशी मरतात, हा त्यांचा हिशेब. लहानपणी तिनं ते पन्नासदा पाहिलं होतं. तिनं ठरवलं, आपणही वाडा हलवायचा. महिपतीला पटवलं, श्रेयाला सुट्टी होतीच, घराला कुलूप घातलं आणि तिघं पंधरा दिवस लोणी भापकरला सासरी जाऊन राहिली. परत येताना एसटीत ती खुशीत होती. मेले असतील, केर काढताना सुपानं भरायचे, असं श्रेयाला सांगत होती. ते मेले नव्हते. कागदासारखे पातळ होऊन वाट बघत होते. त्या रात्री तिघांना त्यांनी असं काही खाल्लं की महिपतीसारखा माणूस उठून बसला आणि म्हणाला, “आगं, हे काय गोचीड हायत व्हय? हेंला काय म्हैनाभर जेवन नसलं तरी चालतंय.” तेव्हा ती रडली होती. ढेकणांसाठी नव्हे, आपल्या बापाचं शहाणपण इथं लागू पडत नाही, यासाठी. आपण मागचंही सोडलं आणि पुढचंही हाती आलं नाही, असं काहीतरी.

रविवारला चार दिवस होते. निदान ती तसं समजत होती. शुक्रवारी सकाळी तिनं रजा टाकली, दिवाण व्हरांड्यात उलटा पाडला आणि वाटीत रॉकेल घेऊन कोंबडीच्या पिसानं सांध्यांत सोडत बसली, तेव्हा फाटक वाजलं. गेणूच्या मागं, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून, आई उभी होती. सारजा. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, उजवा डोळा दुधाळ आणि डावा त्याच वाटेवर. “रविवारची गाडी न्हाय गावायची म्हनून आजच आलो,” गेणू म्हणाला, पिशवी ठेवली, पाणी पिऊन लगेच परत फिरला. त्याच्या उसाला पाण्याची पाळी होती. जयवंता पीस हातात धरून तशीच उभी. आईनं मान थोडी वर करून हवा हुंगली.

“रॉकेल ओततीस व्हय गं? आन त्याच्यामागनं ह्यो दुसरा वास कसला? नासक्या कोथमिरीचा?”

जयवंतानं रंगाची थाप आठवून पाहिली, पाहुण्यांची आठवून पाहिली. मग ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. दिवाण, कुलूप, श्रेयाचे डास, देशमानेबाईंची बशी. म्हणून तुला येऊ देत नव्हते, म्हणाली. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन झाल्यावर डोळ्याला हात लागता कामा नये, चोळला तर डोळा जाईल. आणि इथं निजलीस तर अंगभर खाज, झोपेत हात जाईलच, म्हणाली. आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कारण डोळ्यांत काही उमटतच नव्हतं.

“म्हंजी,” ती शेवटी म्हणाली, “तुला मी जड न्हवते?”

“न्हाय गं आय.” ऑफिसातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“आन मी तितं रातध्याड बसून काय काय म्हनत व्हते मनात. लेक शिकली, शेरात गेली, आता तिला मेंढराचा वास येतुया म्हनून.” आई थांबली. मग तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता ती चिडली. “येडे! ढेकणापायी आयला आंधळी ठिवत व्हतीस व्हय? आगं, सांगायचं न्हाय का? तीनशे मेंढरांचं गोचीड काढल्यात म्या ह्या हातानं. दाव, कुठं हायत तुझं ढेकूण.”

आणि मग जयवंतानं जे पाहिलं ते तिला लहानपणी रोज दिसत होतं आणि तरी कधी दिसलं नव्हतं. आई उलट्या दिवाणाशेजारी मांडी घालून बसली. डावा हात लाकडावर सपाट ठेवला आणि उजव्या हाताची तीन बोटं सांध्यावरून हळूहळू नेली, लोकरीत फिरवावीत तशी. थांबली. नख आत घातलं. बाहेर काढलं. “ही अंडी. मीठ सांडल्यागत लागत्यात बघ.” महिपतीनं बॅटरी मारून दहा वेळा बघितलेला तो सांधा होता. जिथं दिसत होतं तिथंच आपण औषध घालत आलो, आणि ते मात्र दिसणार नाही तिथंच राहिले, हे जयवंताला आत्ता कळत होतं. आईनं दिवाण संपवला, मग उशांच्या शिवणी, मग दाराच्या चौकटीची फट, मग कालनिर्णयची वरची पत्र्याची पट्टी. आणि मग, “हितं भिताडाला काय टांगलंय? आना खाली.” दिवाणाच्या बरोबर वर महिपतीचं कारखान्याचं प्रशस्तिपत्र होतं, काचेत मढवून. रोज फडक्यानं समोरून पुसलेलं. आईनं मागच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवलं आणि हात काढून घेतला. “वाडा हितं हाय. तुमी सगळी रानं हिंडला.” संध्याकाळी कामावरून आलेला महिपती आपल्या प्रशस्तिपत्राच्या मागं काय नांदत होतं ते बघून खालीच बसला. मग म्हणाला, “माझ्या नावावर एवढी परजा व्हती, मला ठावंच न्हाय.”

कपडे आणि गाद्यांच्या खोळी धुवायला काढल्या तर आई म्हणाली, धुवायचं नाही, शिजवायचं. उकळत्या पाण्यात तासभर. एवढं पातेलं कुठून आणायचं? महिपतीनं डोकं खाजवलं. वडगाव निंबाळकरला त्याच्या चुलतभावाचं, सोनबाचं, गुऱ्हाळ होतं. चरकाचं इंजिन बिघडल्यामुळं दोन दिवस गाळप बंद होतं आणि गुळाची मोठी काहील चुलवणावर रिकामी बसली होती. शनिवारी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घरातलं होतं नव्हतं ते सगळं कापड घालून ही चौघं वडगावला गेली. जयवंताला वाटेत लाज वाटत राहिली. आता वडगावात कळणार, लोणीत कळणार. पण सोनबानं गाठोड्यांकडे बघून फक्त, “ढेकूण व्हय? आमच्याकडं बी हायत. थांबा, आमच्या बी वाकळा टाकतो,” असं म्हटलं आणि तो आत गेला. चिपाडाचा जाळ लागला, काहिलीतलं पाणी रटरटायला लागलं, आणि दोन घरांच्या चादरी, खोळी, वाकळा, दारांचे पडदे, श्रेयाची बाहुलीसुद्धा, गूळ ढवळायच्या लांब दांड्याच्या फावड्यानं सोनबा ढवळत होता. आई धुरापासून लांब, बाभळीखाली बसून तिथूनच हुकूम सोडत होती. वाफ वर चढत होती, उन्हात विरत होती, आणि जयवंताला एकाएकी इतकं हलकं वाटलं की ती उभ्या उभ्या हसायला लागली. एवढंच करायचं होतं. दोन वर्षं आपण एकट्यानं, दार लावून लढत होतो. आणि करायचं होतं ते एवढंच, की चारचौघांत घेऊन यायचं आणि उकळायचं.

आता एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. काहील घासली होती ती गुऱ्हाळवाल्यांच्या हिशेबानं, धोब्याच्या नव्हे. चादरी वाळल्या त्या पिवळट, किंचित चिकट, आणि गोड वास मारणाऱ्या. रविवारी सकाळी दिवाणावर मुंग्यांची रांग लागली. श्रेया खूश झाली. जयवंतानं सगळं पुन्हा साध्या पाण्यातून काढलं, दिवाणाच्या सांध्यांतून किटलीनं उकळतं पाणी सोडलं, चारी पाय रॉकेल-पाण्याच्या डब्यांत ठेवले आणि सोमवारी आईला दवाखान्यात नेलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पण डॉक्टर पट्टी बांधताना जे बोलले ते घेऊनच जयवंता घरी आली. “चार महिने आधी आणायला हवं होतं. बघू, किती दिसतं ते.” चार महिने. दिवाळी. घराला रंग चाललाय. पुढचे दिवस तिनं या चार महिन्यांत काढले. पहाटे उठून ती आधी आईचे हात बघे, मान बघे, पाय बघे. गांधी नव्हती. तांबडा ठिपका नव्हता. आई डाव्या कुशीवर, हात उशीखाली दाबून, न हलता झोपलेली असे. डोळ्याकडे हात जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच ही शिस्त लावून घेतली होती. थेंब घालताना जयवंता विचारी, “काय दिसतंय का?” आई म्हणे, “धुकं हाय. घाटात असायचं तसं.” मग जरा थांबून, लेकीची समजूत घालायला म्हणे, “पर उजेडाचं धुकं हाय.” ऑफिसात बोर्डापुढं बसून, पुणं सोलापूरला जोडता जोडता, जयवंताला ते धुकं दिसत राही. लोकांचे आवाज एका तारेतून दुसरीत जात. तिच्या स्वतःच्या दोन वाक्यांनी मात्र एक डोळा अडवून ठेवला होता. ती वाक्यं कुठल्या रजिस्टरात नव्हती, पण तिला तोंडपाठ होती. देशमानेबाई हल्ली तिच्याकडे बघत आणि काही विचारू की नको अशा बेतात थांबत. जयवंता मान खाली घाली.

दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा आला. महिपतीनं येताना दुकानातून आणला आणि आईच्या हातात ठेवून आंघोळीला गेला. दुपारची वेळ. जयवंताची दोनची ड्यूटी होती, ती आत डबा भरत होती. बाहेर आई दिवाणावर बसली होती. चष्मा घातला की नाही, हे विचारायचं धाडस जयवंताला होईना. ‘धुकंच हाय’ असं उत्तर आलं तर तो डबा घेऊन ऑफिसात कसं जायचं? तिनं चपात्या मोजल्यासारखं केलं. भाजीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

“जयवंते,” आईची हाक आली. “हिकडं ये.”

ती दारात आली. आई उठून भिंतीशी उभी होती, पदर खोचलेला, नाकावर चष्मा, त्यामागं दोन्ही डोळे गाईच्या डोळ्यांएवढे मोठे झालेले. प्रशस्तिपत्र काढल्यावर राहिलेल्या खिळ्याकडे ती बोट दाखवत होती.

“एक राहिलाय. खिळ्याच्या खाली. बारकं हाय, पिल्लू हाय. वर निघालंय.”

परत आले. सगळं वाया गेलं. जयवंतानं भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या चुन्यावर तिला काहीच दिसलं नाही. जवळ गेली. डोळे बारीक केले. होता. तिळाच्या निम्मा, फिकट, दिसेल न दिसेल असा. तो तिला हातभर अंतरावरूनही दिसला नव्हता. आणि आईला दिवाणावरून दिसला होता.

हे तिच्या ध्यानात यायला किती वेळ लागला कोण जाणे. आईनं मात्र वेळ घालवला नाही. अंगठा लावला आणि बोट लुगड्याला पुसलं. मग वळून लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, खूप वेळ, चष्म्याआडून. “वाळलीस की गं,” म्हणाली. “कानाजवळ एक केस पांढरा झालाय.” जयवंतानं आईच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि ती मोठ्यानं रडली. न्हाणीतून महिपती ओरडत होता, काय झालं, काय झालं म्हणून.

दोनला पाच कमी असताना ती बोर्डावर बसली आणि पहिलाच कॉल तिनं स्वतःचा लावला. कळसाच्या दूध डेअरीत नुकताच फोन आला होता. गेणूला बोलवायला सांगितलं आणि ती थांबली. खोलीत सहाजणी होत्या, सहाही बोर्ड चालू होते, देशमानेबाई शेजारीच रजिस्टर आखत होत्या. तारेत खरखर झाली, गेणूचा धापा टाकणारा आवाज आला, “काय झालं? आय बरी हाय न्हवं?”

“गेणू!” जयवंता ओरडली. दहा वर्षांत त्या खोलीत इतक्या मोठ्यानं आणि अशा बोलीत कुणी बोललं नव्हतं. “आरं, आयला ढेकूण दिसला! आमच्या घरात! भिताडावरचा! दिवाणावर बसून दिसला तिला!”

पाच बोर्ड थांबले. देशमानेबाईंनी पट्टी खाली ठेवली, कानावरचा हेडफोन सारला आणि जयवंताकडे नीट वळून बसल्या.

“केवढा होता?” त्यांनी विचारलं.